खंडाच्या दिवशी कामावर

"काका, रजिस्टर खाली ठेवा. आज तुम्ही कोणीच नाही."

कोविड केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे वाक्य सर्वांसमक्ष उच्चारले. सकाळचे नऊ वाजले होते. समोर पाळी बदलणाऱ्या तीन परिचारिका, एक शिपाई आणि मी. हजेरीपत्रक माझ्या हातात होते. ते मी लगेच खाली ठेवले नाही, म्हणून साहेब पुढे आले आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतले.

"आज तुमचा खंड. उद्या नवा आदेश. तोवर बाहेर. आणि हो, काम थांबवू नका. ऑक्सिजनचा तक्ता बाराच्या आत पाहिजे."

"कुठे बसून करू, साहेब?"

"नातेवाइकांच्या बाकावर बसा. ऊन चांगलं आहे, व्हिटॅमिन मिळेल."

शिपाई हसला. परिचारिका हसल्या नाहीत.

मी बाहेर गेलो. बाकावर बसलो. आत कोणाचा तरी श्वास अडकला होता आणि त्याची बातमी ऐकायला आलेली माणसे माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर फाईल ठेवून मी तक्ता भरला. बाराच्या आत दिला. हे मी लपवत नाही. अपमान झाला आणि अपमानित माणसाने वेळेत काम पूर्ण केले, अशी नोंद घ्यावी.

खंड म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. महामारीच्या काळात कंत्राटी कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांचे नियुक्ती आदेश मिळत. एक आदेश संपला की दुसरा सुरू होण्याआधी एक दिवस मोकळा सोडला जाई. त्याला तांत्रिक खंड म्हणत. उद्देश एकच. पुढे कोणी "माझी सेवा अखंड आहे" असे म्हणत न्यायालयात उभा राहू नये. त्या दिवशी हजेरीपत्रकात सही करायची नाही. नावापुढच्या चौकटीत लाल शाईने आडवी रेघ ओढायची. कागदावर माणूस घरी. प्रत्यक्षात वॉर्डात. कारण त्याच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नव्हतेच.

ही रेघ मी ओढत असे. माझ्या स्वतःच्या चौकटीतसुद्धा.

मी आस्थापना शाखेतला लिपिक. सबंध नोकरी इतरांच्या नेमणुका, बदल्या आणि बडतर्फी टंकलिखित करण्यात गेली. निवृत्त झालो आणि दुसऱ्या लाटेत फोन आला. माणसे मिळत नाहीत, आलेली टिकत नाहीत, या. मी गेलो. शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पुढे एका रिकाम्या वसतिगृहात कोविड केंद्र उघडले होते. माझ्याकडे दोन कामे दिली. हजेरी ठेवणे आणि माणसे थांबवून धरणे.

दुसरे काम कठीण होते. जो तो निघून जात होता. कोणाला घरमालकाने जिन्यातच अडवले, कोणाच्या सासूने उंबऱ्याबाहेर ताट ठेवले, कोणी सलग दोन पाळ्या करून चक्कर येऊन पडली आणि उठल्यावर थेट बसस्थानकाकडे चालू लागली. साहेबांचा आदेश तोंडी होता. "एकही राजीनामा माझ्या टेबलावर दिसता कामा नये. काका, तुम्हाला कायदा येतो ना? मग वापरा."

मी वापरला.

वर्षा सिस्टर फर्दापूरची. वय सत्तावीस. वडील लेण्यांच्या वाटेवर पर्यटकांना रंगीत दगड विकत. ती केंद्रातली सर्वांत बोलकी मुलगी. खंडाच्या दिवसाला तिनेच नाव ठेवले होते. ज्याचा खंड असेल तो त्या दिवसापुरता भूत. "आज कोण भूत आहे गं?" असे ती दारातूनच ओरडत येई. माझा खंड होता त्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन ती बाकापाशी आली होती.

"काका, भुतं उन्हात बसत नाहीत. सावलीत सरका."

"भुतांना सावली नसते, सिस्टर."

"तुम्हाला नसेल. झाडाला हाय की."

महिनाभराने ती राजीनामा घेऊन आली. स्वच्छ अक्षर, चार ओळी. खोली सुटली होती, आई रोज रडत होती, अंगात त्राण उरले नव्हते.

"काका, मी काय पळून चालले नाय. पण लई झालं. आता नाय जमत."

तीन महिन्यांचा आदेश असलेली कंत्राटी परिचारिका सूचना देऊन जाऊ शकत होती. आदेशाच्या मागच्या पानावर तशी अट होती आणि ती अट मीच टंकलिखित केली होती. मला ती पाठ होती. तरीही मी गंभीर चेहरा केला, साथरोग कायद्याचे पुस्तक पुढे ओढले, त्यावर बोट ठेवले आणि म्हणालो, "अशा काळात काम सोडणे हा गुन्हा आहे, मुली. उद्या दारात पोलीस आले तर तुझ्या वडिलांना काय वाटेल?"

हे खोटे होते. आयुष्यभर मी कायद्याच्या नावाने इतरांना खडसावले, वृत्तपत्रांना पत्रे लिहिली, चुकीच्या कलमाबद्दल आमदारांना कळवले. आणि त्या दिवशी एका थकलेल्या मुलीला भिववण्यासाठी मी कायद्याची खोटी साक्ष काढली. तिने पुस्तकाकडे पाहिले. वाचायला मागितले नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. राजीनामा तिने स्वतःच फाडला.

"बरं. थांबते."

त्या दिवशी मला समाधान वाटले होते. एक माणूस टिकवला, असे.

पुढे तिचा आदेश संपला. खंडाचा दिवस आला. सकाळी सातला तिचा फोन.

"काका, आज माझा भुताचा दिवस हाय. ताप हाय, अंग लई कसकस करतंय. आज नाय आले तर चालंल का?"

तीन महिन्यांत हाच एक दिवस असा होता की तिला बोलावण्याचा कोणाला कसलाही अधिकार नव्हता. साहेबांना नव्हता. शासनाला नव्हता. मला तर नव्हताच. कागदाच्या आधाराने ती त्या दिवशी पूर्णपणे मोकळी होती. आणि मी म्हणालो, "वॉर्डात दोघीच आहेत. ये. दुपारी लवकर सोडतो."

ती आली. मी तिच्या चौकटीत लाल रेघ ओढली. तिने पीपीई किट चढवले. माझ्या खोलीपुढून जाताना काचेवर टकटक करून तिने हात हलवला. चेहरा दिसत नव्हता. किटच्या पाठीवर नाव लिहायची पद्धत होती. त्या दिवशी तिच्या पाठीवर नाव नव्हते. घाईत राहिले असेल.

दुपारी अडीच वाजता ती व्हरांड्यात सिलिंडरला धरून खाली बसली. ज्या वॉर्डात ती काम करत होती, त्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. काही दिवसांनी ती गेली. किती दिवसांनी, ते मला अचूक ठाऊक आहे. लिहवत नाही.

तेव्हापासून माझ्या घरात सकाळी सात वाजता कोणी फोनला हात लावत नाही. बायकोने घंटी बंद करून ठेवली आहे. तरी ती मला ऐकू येते. मी उचलतो. रोज मी वेगळे उत्तर देतो. "येऊ नकोस." "झोप." "दार लावून घे, मुली, आणि मी बोलावले तरी येऊ नकोस." पलीकडे कोणी नसते. कधी स्नानगृहाच्या धुरकट काचेवर टकटक होते. मी पुसून पाहत नाही.

तिचे वडील केंद्रात आले. डोक्याला पांढरे उपरणे, हातात कापडी पिशवी. त्यांना एकच कागद हवा होता.

"साहेब, गावात म्हणत्यात पोरीला कामावरनं काढलं व्हतं, उगंच शहरात हिंडत व्हती, तिथंच रोग लागला. माझी पोर त्या दिवशी ड्युटीवर व्हती का नव्हती, एवढंच लिहून द्या. दुसरं काय नगं."

त्यांना व्हरांड्यात थांबवण्यात आले. मला साहेबांच्या खोलीत बोलावण्यात आले. टेबलावर एक टंकलिखित कागद तयार होता. मजकूर असा: सदर परिचारिका त्या दिनांकास सेवेत नव्हत्या. त्या कोणत्याही सूचनेविना, स्वेच्छेने केंद्रात आल्या होत्या. खाली माझे पदनाम. सहीसाठी जागा.

"सही करा, काका. तुमचा पुढचा आदेश याच फाईलमध्ये आहे."

"साहेब, तिला मी बोलावले होते."

"तुम्ही? तुम्ही कोण बोलावणारे? लिपिक आहात, वकील होऊ नका. तुमच्यासारख्यांना या वयात आम्ही खुर्ची दिली, जरा जाण ठेवा."

तुमच्यासारख्यांना. हा शब्द मी नव्याने ऐकत नव्हतो. माझे वडील लष्कराच्या छावणीत एका भोजनगृहाचे सफाई कामगार होते. त्यांना लिहिता येत नव्हते. एके दिवशी त्यांच्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर दाबली आणि घरी पाठवले. मी चौथीत होतो. कागद मी वाचला. त्यात लिहिले होते की कामगाराने स्वेच्छेने काम सोडले आहे. वडिलांनी विचारले, "काय लिवलंय?" मी घाबरून म्हणालो, "उद्यापासून सुट्टी आहे." तेव्हाही मी खोटेच बोललो होतो.

स्वेच्छेने. गरिबाची इच्छा या देशात फक्त अशाच कागदांवर सापडते. वर्षा जिवंत असताना राजीनामा घेऊन आली, ती तिची इच्छा होती. ती कोणी नोंदवली नाही. मेल्यावर मात्र तिला इच्छा बहाल करण्यात आली.

पुढचे मी रागाने केले की भीतीने, याचा निवाडा मी आजही केलेला नाही. मी पेन उघडले. साहेब खुर्चीत मागे रेलले. सहीच्या जागी मी लिहिले: "वरील मजकूर असत्य आहे. सदर परिचारिकेने सकाळी सात वाजता दूरध्वनीवरून आजारी असल्याचे कळवले होते. मी त्यांना कामावर येण्यास सांगितले. त्या आल्या. त्यांनी काम केले. हजेरीपत्रकातील लाल रेघ माझ्या हातची आहे." मग सही केली.

"हे काय केलंत?" साहेब उठून उभे राहिले. "आणा इकडे तो कागद."

पण तोवर मी कागद घेऊन बाहेर पडलो होतो. लिपिकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या कागदावर आवक क्रमांक पडला, तो फाडणे अवघड जाते. मी सरळ आवक खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करता शिक्का मारला, क्रमांक टाकला. मी म्हणालो, "बाई, एक झेरॉक्स काढून तिच्यावरही शिक्का द्या." त्यांनी मजकूर वाचला. माझ्याकडे पाहिले. मागून साहेबांचा आवाज येत होता. बाईंनी झेरॉक्स काढली, शिक्का मारला आणि खिडकी बंद केली.

ती प्रत मी तिच्या वडिलांच्या हाती दिली. त्यांनी व्हरांड्यातच, ओळीवर बोट ठेवत, सावकाश वाचली. मला वाटले होते ते रडतील. कदाचित माझे हात धरतील. मनातल्या मनात मी त्याची तयारीही केली होती, हे लाजिरवाणे आहे आणि खरे आहे.

त्यांनी मान वर केली. "म्हंजी तुमीच बोलावलं व्हय तिला?"

"हो."

"ताप हाय म्हणली व्हती?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि ते निघून गेले.

माझा पुढचा आदेश निघाला नाही. माझा खंड अजून चालू आहे.

त्यानंतर मी पत्रे लिहिली. माहिती अधिकारात हजेरीपत्रकाची प्रत मागितली. उत्तर आले की केंद्र बंद झाले असून अभिलेख उपलब्ध नाही. अपील केले. पुन्हा तेच उत्तर. दरम्यान शहराचे नाव बदलले, लेटरहेड बदलले. नकार नव्या नावाच्या कागदावर जुन्याच वाक्यात आला. सोडून गेलेल्या परिचारिकांची यादी मागितली, तेव्हा कळवण्यात आले की कोणीही सोडून गेलेले नाही, आदेशांची मुदत संपली होती. म्हणजे कोणी थकले नाही. कोणाला खोलीबाहेर काढले नाही. कोणी मेले नाही. मुदत संपली.

साहेबांची बढती झाली आहे. महामारीतील मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयावर ते व्याख्याने देतात. एका व्याख्यानाला मी गेलो होतो. मागच्या रांगेत उभा राहून प्रश्न विचारला, "खंडाच्या दिवशी वॉर्ड कोण सांभाळत असे?" सूत्रसंचालक म्हणाले, "आजोबा, वेळ संपली आहे."

गेल्या महिन्यात मी फर्दापूरला गेलो. न्यायालयात दाखल करायचा तक्रार अर्ज तयार करून नेला होता. मागणी एकच. त्या दिवशीची लाल रेघ रद्द करून तिथे "कर्तव्यावर उपस्थित" अशी नोंद करावी. अर्जदार म्हणून तिच्या वडिलांची सही लागणार होती. त्यांच्या दगडांच्या दुकानापुढे उभा राहून मी अर्ज वाचून दाखवला. प्रतिवादी म्हणून साहेब, त्यांचे वरिष्ठ, विभाग.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "सही करतो. पण पयलं नाव तुमचं घाला."

आत तिची आई पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर कागद ठेवून नव्याने अर्ज लिहिला. हाताने. प्रतिवादी क्रमांक एक: माझे संपूर्ण नाव, वय, पत्ता. कृत्य: कायद्याचे खोटे कलम सांगून परिचारिकेस राजीनाम्यापासून परावृत्त करणे, तापाने आजारी असताना तिला सेवाखंडाच्या दिवशी कामावर बोलावणे, ती उपस्थित असताना अनुपस्थितीची रेघ ओढणे. क्रमांक दोनपासून खाली साहेब, त्यांचे वरिष्ठ, विभाग. तिच्या वडिलांनी सही केली. मला पाणी विचारले नाही. मी मागितलेही नाही.

माझ्या ओळखीचे वकील म्हणाले, "अहो, स्वतःलाच अडकवून घेताय. माफीचा साक्षीदार तरी व्हा."

मला माफी नको. माफीचा साक्षीदार उठून घरी जातो. मी जाणार नाही. सुनावणीची नोटीस आली आहे. मी वकील देणार नाही, तारीख मागणार नाही, प्रकृतीचे कारण सांगणार नाही. पहिल्या क्रमांकाचा पुकारा झाला की मी पिंजऱ्यात उभा राहीन आणि सर्व आरोप कबूल करीन. एकेक. तारीखवार. कोणाच्या तोंडी आदेशावरून, तेही सांगेन.

मग दुसऱ्या क्रमांकाचा पुकारा होईल.