भट्टीवरचा सोबती

पोलादाच्या एका दूरच्या कारखान्याच्या मुलाखतीला मी आणि माझा मित्र जिंतूरहून एकाच एसटीनं निघालो होतो. आयटीआयला फिटरचं शिक्षणही दोघांनी एकाच बाकावर बसून घेतलेलं. मार्क माझे जास्त होते, पण मुलाखतीत साहेबांसमोर माझी बोबडी वळली आणि निवड त्याची झाली.

तो तिकडं भट्टीवर लागला. मी जिंतूरला गेट, ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं. तरी दरवर्षी दिवाळीला तो गावी आला की माझ्या पोटात दुखायचं. बोलता बोलता तो ‘आमच्या भट्टीत’ असं म्हणायचा. त्यातलं ‘आमच्या’ मला फार टोचायचं. मग मी तिकडच्या उकाड्याचा विषय काढायचो आणि त्याची कीव केल्यासारखं करायचो.

गेल्या वर्षी तो रिटायर होऊन गावी आला. त्याची जुनी भट्टी त्याआधीच बंद पडली होती. आता ती जपून ठेवली होती आणि लोकांना बघता यावी म्हणून समोर उंच गॅलरी बांधली होती. एकदा तुला दाखवायचीच आहे म्हणून तो मागं लागला. शेवटी गेलो.

कठड्याला टेकून उभा राहिलो आणि बघतच राहिलो. भट्टी गंजून तांबडी झाली होती. माणूस उभा मावेल एवढे नळ तिच्या अंगावरून खाली उतरले होते. मी जन्मभर लोखंड कापलं, जोडलं. पण ते पातळ होऊन जिथून वाहायचं ती जागा पहिल्यांदाच बघत होतो. मित्र रस कुठून निघायचा, माणसं कुठं उभी राहायची, ते हात करून दाखवत होता. हळूहळू चार लोक त्याच्याभोवती जमले. माझ्याकडं कुणी बघेना.

तेवढ्यात म्हाताऱ्या वडलांना घेऊन आलेल्या एका बाईनं मला विचारलं, तुम्हीही इथंच होतात का? मी हो म्हणालो.

काय काम करायचात, असं तिनं विचारल्यावर मात्र मी कठडा धरून भट्टीकडं बघू लागलो. मित्रानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

“हा वर असायचा, माल टाकायच्या जागी,” तो म्हणाला. “आमच्यापेक्षा अवघड काम.”

म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

परतताना रेल्वेनं जालन्याला आलो. तिथून एसटीनं देवगाव फाट्यावर उतरलो, चहा घेतला. चहा पिताना मला राहवलं नाही.

“मी खोटं बोललो. तू कामून सांभाळून घेतलंस?”

“तुझं मन मला म्हाईत हाय की,” तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, “वर माझा सोबती असायचा. तिथंच भाजून गेला. त्याचीच जागा दिली तुला.”

माझी मान खाली गेली. तरी खरं सांगतो, त्या लाजेतही त्या मेलेल्या माणसाचा मला हेवा वाटला. माझ्या मित्राची उमेदीची वर्षं त्याच्या वाट्याला गेली होती.

जिंतूरची गाडी लागली. शेजारी बसल्यावर मी त्याला विचारलं, तो सोबती कसा होता. मग जिंतूर येईपर्यंत तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो.