तिसऱ्या ओळीतला चेहरा

कर्जतच्या दालनात माझ्या काकांच्या चित्रांखाली ज्या पाट्या आहेत, त्या सगळ्या मी लिहिल्या. त्यांतली एक खोटी होती. शेवटच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘विहारातील भित्तिचित्र. पावसाच्या ओलीने नष्ट.’ ते चित्र ओलीने गेलं नाही. ते मी घालवलं.

काका म्हणजे माझे चुलतकाका. दुकानांच्या पाट्या, टेंपोवरची नावं, शाळेच्या भिंतींवरचे नकाशे रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कडावपासून कशेळ्यापर्यंत त्यांचं अक्षर लोक लांबून ओळखायचे. ते गेल्यावर गावातल्या आणि तालुक्यातल्या काही जणांनी एका जुन्या इमारतीचा वरचा मजला मिळवला आणि तिथे त्यांचं दालन केलं. त्यांचे रंगाचे डबे, झिजलेले ब्रश, मोडीत निघालेल्या पाट्या आणि वहीच्या पानांवर काढलेली शेकडो माणसं तिथे आहेत. घरातला शिकलेला म्हणून माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या गावच्या बुद्ध विहारातलं चित्र त्यांनी एका हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकल्यावर काढलं होतं. मध्ये बुद्ध आणि समोर देसना, म्हणजे त्यांचा उपदेश, ऐकायला बसलेली माणसं. ती माणसं आमच्याच गावची होती. कॅलेंडरवरून चेहरा उचलायचा नाही, हा काकांचा नियम. घमेलं पालथं घालून त्यावर एकेकाला बसवायचे आणि समोर बघून काढायचे. एका म्हातारीने त्यांना बजावलं होतं, “माजं दात काड रं, हायेत तेवडं तरी.” काकांनी तिला हसताना काढलं, दोन दातांसकट.

काकीला बसायला सवडच नव्हती. ती सगळ्यांत शेवटी बसली, तिसऱ्या ओळीत. बाकी सगळे बुद्धाकडे बघत होते, ती एकटी बाजूला बघत होती. चुलीवर भात ठेवून आली होती. पुढच्याच्या पुढच्या वर्षी ती काविळीने गेली. तिचा वेगळा असा फोटो कधी कुणी काढला नव्हता. मतदार ओळखपत्रावर होता, त्यात नुसता काळा डाग दिसायचा. मुलगी तेव्हा चार वर्षांची. काका तिला विहारात न्यायचे, खांद्यावर घ्यायचे आणि ती आईच्या गालावर हात ठेवायची. हे मी पाहिलेलं आहे.

पुढे मी कर्जतला नोकरीला लागलो आणि विहार समितीचा सचिवही झालो. दर पावसात भिंतीला कमरेपर्यंत ओल यायची, पोपडे सुटायचे. एका दात्याने टाइल्स द्यायचं कबूल केलं. खालच्या भागापुरत्या लावल्या असत्या तरी चाललं असतं. पण आसपासच्या गावांतले विहार चकाचक झाले होते आणि बुद्धपौर्णिमेला माझे साहेब येणार होते. आणखी एक गोष्ट होती, ती मी समितीत बोललो नाही. पहिल्या ओळीत माझे वडील होते, अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले. साहेबांनी ते बघावेत असं मला वाटत नव्हतं. मी म्हणालो, पूर्ण भिंत करू. समितीतही कुणी नाही म्हटलं नाही. आपला विहार चांगला दिसावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. काकांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी विचारलं नाही.

नुसत्या रंगावर सिमेंट धरत नाही. गवंड्याने छिन्नीने भिंत टोचायला घेतली. तो गावातलाच, त्याची आईही त्या चित्रात होती. तिसऱ्या ओळीशी आला आणि थांबला.

“ह्या वैनीचा चेहरा ठेवू का? चौकोन सोडतो तेवडा. वर काच लावू.”

मी टाइल्सची नक्षी बघितली. चौकोन सोडला तर तिथे पट्टा तुटणार होता.

“पट्टा सरळ जाऊ दे,” मी म्हणालो.

संध्याकाळी काका आले. भिंतीवरून हात फिरवला. “गुळगुळीत झालं रं,” एवढंच म्हणाले आणि चपला शोधत बाहेर गेले. चपला पायातच होत्या. नंतर ते माझ्या घरी यायचे, चहा प्यायचे, पण त्या भिंतीविषयी त्यांनी मला मरेपर्यंत एक शब्द विचारला नाही.

दालनासाठी त्या चित्राचा फोटो शोधला तेव्हा एकच सापडला, माझ्या लग्नातला. विहारातच लागलं होतं लग्न. मागे ते चित्र पुसट दिसतं. बुद्ध दिसतो, माझे वडील दिसतात, दात दाखवणारी म्हातारी दिसते. तिसऱ्या ओळीच्या बरोबर मधे माझं डोकं आहे.

काकांची मुलगी खोपोलीला नर्स आहे. टाइल्स बसल्या तेव्हा ती सासरी होती. सुट्टी मिळाली की ती दालनात येते. बाकी चित्रांपुढून हळूहळू जाते आणि त्या फोटोपुढे उभी राहते. मागच्या महिन्यात मी तिथेच होतो. बराच वेळ ती पाटी वाचत राहिली.

“दादा, ओल कमरेपर्यंतच यायची ना? आई तर वर होती.”

मी पाटीवरची धूळ पुसली.

“बाबा पण हेच सांगायचे. ओलीनं गेलं म्हणायचे. मी म्हटलं, बाबा कशाला खोटं बोलतील.”

ही खोटी गोष्ट माझ्याआधी काकांनी सांगितली होती, हे मला त्या क्षणी कळलं. मला वाचवण्यासाठी त्यांनी ती सांगितली होती. आणि मी तीच सुबक अक्षरात लिहून त्यांच्याच दालनात टांगली होती.

मी पाटी भिंतीवरून काढली. हातात धरून उभा राहिलो. मग तिला सगळं सांगितलं. साहेब, वडिलांचे अनवाणी पाय, गवंड्याचा चौकोन, सगळं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फोटोत माझं डोकं आहे, त्या जागेकडे बघत होती.

“ओलीनं नाही गेलं गं,” मी म्हणालो. “तुझ्या आईचा चेहरा ठेवता येत होता. गवंडी ठेवतो म्हणाला होता. मीच नको म्हणालो. काकांची माफी मागायची राहिली. तुझी मागतो. मला माफ कर.”