झांजेची गाठ

पूर्णा जंक्शनला नोकरीला होतो तेव्हा दर रविवारी चर्चमध्ये मी गिटार वाजवायचो. आम्हा तरुण शहाण्यांना झांजेवरची जुनी भजनं नको होती, म्हणून ती बंद झाली होती. तरी एक म्हातारा मागच्या बाकावर मांडीवर फडक्यात बांधलेली झांज घेऊन बसायचा. गाणं सुरू झालं की त्याची बोटं गाठीवरच ठेका धरायची.

एकदा मी विचारलं, "बाबा, वाजवत नाही, मग आणता कशाला?"

"तुमी कुनी कदी म्हनलात, वाजवा बाबा, तर घराकडं पळावं लागू नये म्हनून."

मी मान डोलावली. बदली होईपर्यंत दोन वर्षं त्याच्यासमोर गिटार वाजवत राहिलो. तेवढे दोन शब्द काही तोंडून निघाले नाहीत.