आवाज घरातच ठेवणारे शेजारी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या बिबवेवाडीत सापडायचा नाही, आणि डोळे मिटून विश्वास टाकावा असाही मला तेवढा एकच सापडला. कॉम्प्युटरच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ टीव्हीच्या रिमोटला पायमोजा घालतात, कारण त्याला म्हणे माइक आहे. सोसायटीच्या मीटिंगला सगळ्यांचे मोबाइल पातेल्यात टाकून वर झाकण ठेवायचा त्यांचा हट्ट. एकदा अध्यक्षांचा फोन आतून वाजला आणि लिफ्टचा विषय तिथेच राहिला. त्यांची बायको म्हणते, "अहो, तुमचं बोलणं मी ऐकत नाही, परकं कोण ऐकणार?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लेथवर जन्म काढला, पण कुणाला काही विचारायला गेलो नाही. टाइप करणं मला जमत नाही, म्हणून सुनेने जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचा ब्राउझर घालून दिला. त्यात नुसतं बोललं की तो शोधतो आणि उत्तर वाचूनही दाखवतो. मग दार लावून मी विचारू लागलो, लघवीला सारखं का उठावं लागतं, प्रोस्टेट म्हणजे काय. असलं पोटच्या मुलालाही विचारलं नसतं.

जिन्यात शेजाऱ्यांना ब्राउझरचं कौतुक सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. मी सुनेचं वाक्य ठोकून दिलं, "त्याचा कोड उघडा असतो, कुणालाही वाचता येतो."

"कुणालाही येतो, म्हणजे कुणीतरी वाचलाय असं नाही. आपण वाचलात?"

"मी चौथी पास."

"मग मी वाचतो. तोवर गप्प बसा."

कित्येक दिवस मी मुका. मग एका सकाळी ते खाली आले. "ब्राउझर प्रामाणिक आहे. पण बोलण्याची अक्षरं करायला तो आपला आवाज बाहेरच्या कंपनीकडे पाठवतो. तिथला कोड मला वाचता येत नाही."

"म्हणजे माझं तोंड बंद करायला आलात?"

"आवाजाचं बाहेर जाणं बंद करायला आलोय."

बोलणं मशीनमध्येच उतरवून घेणारा प्रोग्रॅम त्यांनी बसवला. म्हणाले, शोधायला शब्द बाहेर जातील, आवाज जाणार नाही. मग इंटरनेटच्या डब्याची पिन काढली. "आता बोला. अक्षरं उमटली तर आवाज घरातच आहे असं समजा." एवढं बोलून स्वतः गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

"अहो, थांबा की इथंच."

"नको. मीही बाहेरचाच."

पिन परत लावून ते गेले आणि मी पुन्हा विचारू लागलो. त्या उत्तरांच्या जोरावरच मी डॉक्टरकडे गेलो, आणि वेळेत गेलो. कशासाठी, ते शेजाऱ्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

आता वरचं घर सोडून ते मुलीकडे वाघोलीला राहतात. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की फोन करतात, "कशालाही हो म्हणू नका, मी येतो." दोन बस बदलून येतात, तपासतात, पिन काढतात आणि गॅलरीत पाठ करून उभे राहतात. परवा आले तेव्हा जिना चढून चांगलेच दमले होते. मला त्या दिवशी विचारायचं असं काही नव्हतं. हळूच एवढंच म्हणालो, "या माणसाला बरं राहू दे." अक्षरं नीट उमटली. मी ती पुसली आणि त्यांना आत बोलावलं.