एस्तियाची ज्योत आणि आमचं पंचपाळं

शनिवार, १७ जानेवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. कोलोनमधल्या एका हॉलमध्ये आम्ही आमच्याच यजमानीणबाईंचा अपमान केला. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं.

मी आणि सूनबाई मानसी दक्षिण जर्मनीतल्या नेकारसुल्महून सकाळी निघालो. मासिक तिकीट फक्त रिजनल गाड्यांना चालतं, त्यामुळे गाड्या बदलत पाच तास. माइन्झनंतर उजवीकडची खिडकी धरा, ऱ्हाइन शेजारून वाहते. डबा घरचा न्या. स्टेशनवरचा ब्रेड माझ्या दातांना झेपला नाही.

हळदीकुंकू होतं मराठी बायकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. हॉल दिला होता ग्रीक बायकांच्या मंडळाने, ‘एस्तियाच्या लेकीं’नी. त्यांच्या अध्यक्ष एलेनीबाई ऐंशीच्या, काळ्या कपड्यांत. दारातच त्यांनी प्रत्येकीच्या पदराला मंडळाचं चिन्ह टाचलं: पसरट भांड्यात ज्योत. मी अर्थ विचारला. पालकाची भाजी भरलेल्या गरम पाईचा तुकडा माझ्या हातात देत त्या इंग्रजीत सांगू लागल्या. एस्तिया ही चुलीतल्या आगीची देवता. तिने लग्न केलं नाही, तरी नैवेद्यात पहिला मान तिचा. नवं गाव वसवायला निघालेले लोक जुन्या गावातली आग बरोबर नेत. इथे कारखान्यांत कामाला आलेल्या या बायकांनी म्हणूनच तिचं नाव घेतलं. मला शाळेतल्या सिस्टर्स आठवल्या. त्यांचीही लग्नं झाली नव्हती, आणि त्यांच्या हाताखाली आमच्या पिढ्या शिकल्या.

मग ग्रुपची प्रमुख मुग्धा पंचपाळं घेऊन आली. एलेनीबाईंनी हौसेने कपाळ पुढे केलं. मुग्धाने मानसीला हळूच विचारलं, “यांचे मिस्टर आहेत ना?” मानसीने नकारार्थी मान हलवली; ग्रीक विधवा काळंच घालतात. मुग्धाने बोट मागे घेतलं, तिळगुळाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि मलाही ओलांडलं.

“काकू, मनाला लावून घेऊ नका हं. पद्धत आहे.”

ती पद्धत मी नऊ वर्षं ओळखते. पण एलेनीबाईंनी मला विचारलं, “माझं काही चुकलं का?”

आणि मी म्हणाले, “नाही हो. कुंकू संपलं.”

त्यांनी भरलेल्या पंचपाळ्याकडे पाहिलं. नंतर सगळ्यांना कॉफी दिली, मुग्धालाही.

घरी आल्यावर मी एलेनीबाईंना पत्र लिहून माझं खोटं कबूल केलं. ते पोस्टात टाकलं आहे. आता मुग्धा, तुझी पाळी. त्यांना का वगळलं, ते त्यांच्या नावे जर्मनमध्ये लिही, खाली सही कर, प्रत मला पाठव. मुदत शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. ग्रुपवर नुसते जोडलेले हात टाकलेस तर ते उत्तर धरलं जाणार नाही.