उस्तादांनी वाचवलेले कान

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते फौजेतले नाईक मारोती सोनकांबळे यांचे. ते जळकोटचे, मी लातूरचा. सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, मोर्स मला त्यांनी शिकवला, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून ते मला "बीए" म्हणायचे.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आम्ही दोघेही टीबी होऊन मिलिटरी हॉस्पिटलच्या एकाच वॉर्डात होतो. गावाकडे पाऊस नव्हता. वडील रोजगार हमीवर खडी फोडत होते. घर माझ्या पगारावर चालत होतं.

सकाळी टेम्परेचर, स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, चहा, मग डॉक्टर मेजर साहेबांचा राउंड. दुपारी बोलायला बंदी. तेव्हा आम्ही लागून असलेल्या खाटांच्या लोखंडी दांड्यावर चमच्याने मोर्स वाजवायचो. ठोका म्हणजे डॉट, ओरखडा म्हणजे डॅश. निम्मा मजकूर मेसच्या डाळीला शिव्यांचा असे.

एका दुपारी मी कॉल दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उस्ताद जागे होते, खिडकीबाहेर बघत होते. मी वाजवत असतानाच त्यांचा हात सहज दांड्यावर पडला, आणि लगेच उत्तर आलं, "से अगेन," म्हणजे पुन्हा सांग. ते बोटांनी ऐकत होते.

मी कानाकडे बोट दाखवलं.

"लई दिवस झाले," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "इंजेक्शनानं. गप ऱ्हा. मेडिकल बोर्ड घरी पाठवील."

पुढच्या आठवड्यात माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. कान गेले की ऑपरेटरची नोकरी गेली. मी ते दांड्यावर त्यांना कळवलं. कोणाला सांगू नका, हेही कळवलं.

राउंडला उस्ताद खाटेवर ताठ बसले. "साहब, मेरे कान गए. मैंने छुपाया. इसके अभी बज रहे हैं."

मेजर साहेब गेल्यावर मी ओरडलो, "उस्ताद, हे काय केलंत?"

"बोंबलू नको बीए. मला ऐकू येत न्हाई."

माझं इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या. शिट्टी हळूहळू थांबली. टीबी बरा झाला. मी पेन्शनपर्यंत हेडफोन लावून ड्युटी केली. उस्तादांना मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं.

आता ते नाहीत. त्यांना मी पाठवलेलं शेवटचं पत्र असं होतं:

"उस्ताद, जय भीम. पुतणीला टीबीची इंजेक्शनं लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी आधी तिचे कान मशीनवर तपासले. अशा औषधांनी कान जाऊ नयेत म्हणून संशोधन चालू आहे, पण खात्रीचा उपाय अजून हाती नाही, असं ते म्हणाले. मी तिला तुमची हकीकत सांगितली. गेल्या महिन्यात कानात आवाज आला, तेव्हा तिनं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. औषध बदललं. पोरीला नीट ऐकू येतं. रविवारी तिला घेऊन जळकोटला येतो. आपला, बीए."