अंगावेगळं

अक्कांना काहीही विचारा, त्या आधी पदराखालून छातीवर हात दाबून बघायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या. "फॉल झाला का?" हात छातीवर. "चहा घेणार?" हात छातीवर. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं, म्हातारीला कळ आली की काय! कळ नसायची. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची डबी होती आणि डबीत इष्टलिंग. ते जागेवर आहे ना, एवढंच त्या बघत.

मंगळवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. अक्का माझ्याकडे फॉल-पिकोचं काम करत. मूळच्या गडहिंग्लजकडच्या लिंगायत. रागावल्या की कानडीत, लाडात आल्या की मराठीत. आमच्या घरी बुद्धवंदना होते, देवाचं आमच्यात काही नसतं, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

"नसू दे की," त्या म्हणाल्या. "त्याची माया हाय. तुमी मानलं न्हाई म्हणून त्यो काय रुसून बसतोय?"

तुम्हीही अशी भाविक माणसं पाहिली असतील. तोंडाने माया म्हणतात आणि हाताने भीती चाचपत असतात. लहानपणी आईने अक्कांना बजावलं होतं, लिंग अंगावेगळं झालं की माणूस मेल्यात जमा. आंघोळीत, झोपेत, बाळंतपणात ते अंगावरच. ते नसेल तर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. त्यांचा नवरा गेला, पाठोपाठ कर्ता मुलगा गेला, तेव्हाही त्या "त्याची माया हाय" म्हणत राहिल्या, आणि हात छातीवर.

एका लग्नसराईत तो दोरा तुटला. दुकानात साड्यांचे ढीग होते. दुपारी अक्कांचा हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला.

"ताई, न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आम्ही चिंध्यांची पोती उलटी केली, मशीनखाली झाडू फिरवला, गटाराची जाळीसुद्धा उचलून बघितली. अक्कांचे ओठ सुकले. मी तांब्या पुढे केला, "घोटभर तरी घ्या."

"मेल्यालं माणूस पानी पितंय व्हय?"

संध्याकाळी राजारामपुरीतली एक गिऱ्हाईक बाई रिक्षातून उतरली. हातात डबी. "काय ओ, फॉलवर कुंकवाचा करंडा फ्री देताय काय?"

घडी घालताना डबी साडीत गेली होती. अक्कांनी लिंग डाव्या तळव्यावर घेतलं, पूजेला घेतात तसं. मग गटागटा पाणी प्यायल्या. "मी पाडलं त्याला," म्हणाल्या, "पर त्यो आलाच की शोधत. रिक्षात बसून आला."

पुढच्या थंडीत कळ आली. खरीच. डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागेल आणि उशीर करून चालणार नाही. सिस्टरने अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे."

गडहिंग्लजहून आलेली त्यांची मुलगी रडायला लागली. "अव्वा, दंडाला बांधूया की." सिस्टर म्हणाली, आत काहीच चालणार नाही, दंडालाही नाही.

"जगवायच्या आधी मारनार व्हय मला?" अक्का म्हणाल्या आणि विषय संपवला.

मी घाबरले की चिडते. "अक्का, त्या दिवशी दुपारपासून तुम्ही त्याच्याशिवाय होतात. मेलात का?"

"ताई..."

"मेलात का ते सांगा. आणि कोण कुणाला शोधत आलं? तुम्हीच म्हणालात ना? का ते नुसतं बोलायला?"

अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या. घरी येताना मला वाटलं, बाई हातची गेली.

सकाळी गेले तर त्या उठून बसल्या होत्या. "ताई, पिशवीत कात्री हाय न्हवं? कापा."

मानेपाशी दोरा घामाने काळा पडला होता. मी कात्री लावली. त्या समोर बघत बोलत होत्या, "उभा जन्म वाटलं, मीच त्याला संभाळतोय. दोरा तुटला की संपलं. माया काय दोऱ्यानं बांधल्याली अस्ती व्हय?"

"भीती वाटते?"

"वाटती की. लई. पर लेकरू भ्यालं म्हणून आई टाकती व्हय त्याला?"

डबी घ्यायला मुलीने हात पुढे केला. "तू नको. रडशील आन् पाडशील. ताईंच्याकडं ऱ्हाऊ दे, कापड कापताना त्यांचा हात हलत न्हाई."

"अव्वा, त्यांच्यात लिंग नसतंय."

"नसू दे. त्याला चालतंय, मग तुला का चालंना?"

अक्कांना ऑपरेशनला आत नेलं. डबी पर्समध्ये ठेवता आली असती. मी ती डाव्या तळव्यावर घेऊन बाकावर बसले. चहा उजव्या हाताने घेतला, तोही साडीवर सांडला. दार उघडलं की भलत्याच कुणाच्या नातेवाइकाला हाक यायची. "एवढा वेळ लागतोय?" मुलगी विचारायची. "लागतो," मी ठोकून द्यायचे. मला काय माहीत! डोक्यात एकच घोळत होतं. दोरा मी कापला होता. आत काही बरंवाईट झालं तर ही मुलगी ते जन्मभर विसरणार नव्हती, आणि मीही नाही.

अक्का वाचल्या, हे आत्ताच सांगते. गोष्ट ताणायची मला सवय नाही. पुढे त्या मुलीकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच, दुसऱ्याच दुखण्याने गेल्या. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक होतं? दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत एकालाच सोडणार होते. मुलगी म्हणाली, "तुमीच जावा. त्ये द्यायचं हाय."

तोंडात नळी, छाती पट्ट्यांखाली. डोळे मात्र उघडे. मी तळवा पुढे केला. हात थरथरत होता. डबी हलताना मला दिसत होती. त्यांनाही दिसली असणार. त्यांनी हात सावकाश उचलला. मला वाटलं, घेतील. त्यांनी माझीच बोटं एकेक करून डबीवर मिटवली, मूठ हलकेच माझ्याकडे ढकलली आणि डोळे मिटले.

बाहेर मुलगी दाराला चिकटून उभी होती. "दिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "झोपल्या त्या."